विश्लेषण : उंच, दणकट, आलिशान ‘स्टेशन वॅगन’ अमेरिकेत चालणार का?

युरोपातल्या रस्त्यांवर जागोजागी दिसणारी स्टेशन वॅगन अमेरिकेत जवळपास नामशेष झाली आहे. तिला तिथे पुन्हा उभे करण्यासाठी व्होल्वो, ऑडी आणि मर्सिडीज-बेंझ यांनी गेली पंचवीसेक वर्षे एकच युक्ती वापरली. गाडी थोडी उंच करायची, चाकांभोवती जाड काळी पट्टी लावायची, चारही चाकांना ताकद द्यायची आणि महागड्या गाड्यांच्या रांगेत नेऊन बसवायची. ही युक्ती कितपत चालली आणि २०२५ मध्ये आयातशुल्क वाढल्यानंतर ती पुढे चालेल का, याचा हा आढावा.

ही गाडी नेमकी कोणती?

सेडानचे छप्पर मागच्या काचेपाशी उतरते आणि त्यामागे वेगळी डिकी असते. स्टेशन वॅगनचे छप्पर शेवटपर्यंत तसेच जाते. मागे मोठा दरवाजा असतो आणि मागचे आसन पाडले की सामानाची जागा दुपटीने वाढते. रेल्वे स्थानकावरून प्रवासी आणि त्यांच्या पेट्या वाहून नेणाऱ्या गाड्यांवरून हे नाव पडले. ब्रिटनमध्ये तिला ‘इस्टेट’ म्हणतात, जर्मनीत ‘कोम्बी’. पुण्यात तयार झालेली टाटा इस्टेट किंवा त्यानंतरची इंडिगो मरिना ज्यांना आठवते, त्यांना हा आकार वेगळा समजावून सांगायला नको.

या वॅगनची दणकट आवृत्ती म्हणजे तीच गाडी, पण जमिनीपासून काही सेंटीमीटर वर. व्होल्वोची व्ही९० क्रॉस कंट्री ही साध्या व्ही९०पेक्षा सुमारे ६० मिलिमीटर उंच आहे. तिचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर, म्हणजे अनेक एसयूव्हींच्या बरोबरीचा. ऑडीच्या पहिल्या ‘ऑलरोड’मध्ये तर हवेच्या दाबावर चालणारे सस्पेन्शन होते. महामार्गावर ती १४२ मिलिमीटरपर्यंत खाली बसे आणि खडबडीत वाटेवर २०८ मिलिमीटरपर्यंत वर येई. एका गाडीत दोन गाड्या, असा तो प्रकार होता. (जुन्या झाल्यावर हेच सस्पेन्शन मालकांच्या खिशाला किती महाग पडे, हा वेगळा विषय.)

अमेरिकेने वॅगन का सोडली?

एकेकाळी वॅगन हीच अमेरिकी मध्यमवर्गाची घरगुती गाडी होती. बाजूंवर लाकडाचा आभास देणारी नक्षी, मागे मुलांची झुंबड आणि छपरावर बांधलेले सामान, असे तिचे चित्र होते. तेच चित्र १९८० च्या दशकात कंटाळवाणे ठरले. १९८३ च्या ‘नॅशनल लॅम्पून्स व्हेकेशन’ या विनोदी चित्रपटात कुटुंबाची हिरवी, बेढब वॅगन हाच एक मोठा विनोद होता. त्याच सुमारास क्रायस्लरने मिनीव्हॅन आणली, जीप चेरोकी आली आणि १९९० मध्ये फोर्ड एक्सप्लोरर. आईवडिलांच्या वॅगनमध्ये मागे बसून मोठी झालेली पिढी स्वत: गाडी घ्यायला निघाली, तेव्हा ती वॅगनच्या दालनाकडे वळलीच नाही.

हे आवडीनिवडीचे कारण सर्वत्र सांगितले जाते. दुसऱ्या कारणाची चर्चा मात्र कमी होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७५ मध्ये कायदा करून वाहन कंपन्यांना सरासरी मायलेजचे बंधन घातले. त्यात दोन रकाने होते. ‘प्रवासी मोटार’ या रकान्याचे निकष कडक, ‘हलका ट्रक’ या रकान्याचे सैल. मोठ्या इंजिनाची वॅगन पहिल्या रकान्यात पडली. मिनीव्हॅन आणि एसयूव्ही दुसऱ्या. मोठी वॅगन विकली की कंपनीची सरासरी बिघडायची. तेवढीच माणसे आणि तेवढेच सामान नेणारी एसयूव्ही विकली की बिघडायची नाही. वॅगन ग्राहकांच्या मनातून उतरली हे खरेच, पण कंपन्यांच्या हिशेबातूनही ती त्याच वेळी उतरत होती.

युरोपात असे झाले नाही. तिथे इंधन महाग, शहरांतल्या गल्ल्या अरुंद आणि जर्मनीच्या महामार्गावर ताशी दीडशेच्या वर जाणारे लोक पुष्कळ. त्या वेगाला उंच एसयूव्हीपेक्षा जमिनीलगत चालणारी गाडी सोयीची. कंपनीकडून कर्मचाऱ्याला मिळणारी गाडी म्हणूनही वॅगन तिथे मुरलेली आहे. फोक्सवॅगनने पासाटची नवी पिढी आणली तेव्हा युरोपात सेडान बंद करून फक्त वॅगनच ठेवली. अमेरिकी वाचकाला हे वाक्य दोनदा वाचावे लागेल.

उंची वाढवून काय साधले?

पहिली कमाई सुबारूची, आणि ती आलिशान गाडी नव्हती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत चाचपडणाऱ्या या जपानी कंपनीकडे नवी एसयूव्ही बनवण्याइतका पैसा नव्हता. म्हणून तिने आपली लेगसी वॅगन सजवली, उंच केली, तिला ‘आउटबॅक’ हे ऑस्ट्रेलियाच्या रानाचे नाव दिले आणि ‘क्रोकोडाइल डंडी’वाला पॉल होगन जाहिरातीत उभा केला. गाडी प्रचंड चालली. व्होल्वोने १९९७ मध्ये व्ही७० वॅगनची क्रॉस कंट्री आवृत्ती आणली. ऑडीची ऑलरोड २००० मध्ये अमेरिकेत उतरली. मर्सिडीजला जाग यायला मात्र बराच वेळ लागला. तिची ई-क्लास ‘ऑल-टेरेन’ २०१६ मध्ये पॅरिसमध्ये दिसली आणि अमेरिकेत २०२१ च्या मॉडेलपासून मिळू लागली.

या तिन्ही कंपन्यांनी अमेरिकेत पुढे काय केले ते पाहिले की युक्तीची ताकद कळते. ऑडीने २०१२ मध्ये ए४ची साधी वॅगन अमेरिकेतून काढली आणि तिच्या जागी ए४ ऑलरोड ठेवली. व्होल्वोने साधी व्ही९० फक्त आगाऊ मागणी नोंदवणाऱ्यालाच देऊ केली. शोरूममध्ये उभी राहिली ती क्रॉस कंट्री. मर्सिडीजने ई-क्लासची नेहमीची वॅगन बंद करून फक्त ऑल-टेरेन ठेवली. म्हणजे उंची हा जास्तीचा पर्याय राहिला नाही. अमेरिकेत शिरण्याचा तो परवानाच झाला. त्यातले किती मालक कधी डांबरी रस्ता सोडून खाली उतरले असतील, हा प्रश्न विक्रेत्यांनी विचारला नाही आणि मालकांनाही तो अडचणीचाच वाटेल.

या गाडीचे गुण खोटे नाहीत. एसयूव्हीपेक्षा तिचा गुरुत्वमध्य खाली असतो, वळणावर ती कमी कलते, बहुधा इंधनही कमी पिते. छपरावर सायकल किंवा छोटी होडी चढवायला स्टूल लागत नाही आणि म्हातारा कुत्रा उडी मारून मागे बसू शकतो. बर्फाच्या प्रदेशात राहणाऱ्या, पैसा असलेल्या आणि तो फार मिरवू न इच्छिणाऱ्या माणसासाठी ही गाडी जणू बेतून शिवलेली आहे. असे ग्राहक अमेरिकेत आहेत. न्यू इंग्लंडच्या विद्यापीठ-गावांत आणि कोलोरॅडोसारख्या डोंगराळ राज्यांत त्यांची मोठी वस्ती आहे. पण अख्ख्या अमेरिकेच्या बाजारात ते मूठभरच.

‘ट्रक’ ठरण्याचा फायदा काय?

अमेरिकी नियमांत चारचाकी ताकदीची गाडी ‘हलका ट्रक’ ठरते ती मोजपट्टीने. पुढून चढाला भिडण्याचा कोन किमान २८ अंश, मागून उतरण्याचा २० अंश, पोटाखालचा १४ अंश. जमिनीपासून उंची २० सेंटीमीटर आणि आसांखालची उंची १८ सेंटीमीटर. या पाचपैकी चार अटी पुऱ्या केल्या की काम झाले. २००४ मध्ये सुबारूने नव्या आउटबॅकमध्ये नेमके हेच केले. थोडी उंची वाढवली, मापे जुळवली आणि काल मोटार असलेली गाडी आज कागदोपत्री ट्रक झाली. त्यावर तेव्हा पर्यावरणवाद्यांनी बरीच टीका केली, पण ते नियमात बसत होते.

ज्या कायद्याने वॅगनला बाजूला सारले, त्याच कायद्याने उंच वॅगनला हात दिला. आता तोही आधार सैल झाला आहे. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने मायलेजचे निकष न पाळल्याबद्दलचा दंड शून्यावर आणला. दंडच नसेल, तर कुठल्या रकान्यात गाडी बसते याला कंपनीच्या लेखी फारसा अर्थ उरत नाही. आणि ज्यांना अवजड एसयूव्ही विकायची आहे त्यांना वॅगनच्या मायलेजचीही गरज उरत नाही.

मग अडते कुठे?

कारखान्यात. वॅगनच्या भवितव्याविषयी बोलताना ग्राहकांच्या आवडीविषयी जितके बोलले जाते, त्याच्या निम्मेही कारखान्यांविषयी बोलले जात नाही. खरे तर निकाल तिथेच लागतो.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मर्सिडीजच्या मोठ्या एसयूव्ही अलाबामा राज्यात तयार होतात. बीएमडब्ल्यूच्या साउथ कॅरोलिनात. ऑडीची क्यू५ मेक्सिकोत. या कारखान्यांत अब्जावधी डॉलर गुंतले आहेत आणि ते चालते ठेवायचे असतील, तर तिथे बनणारी गाडी विकली गेली पाहिजे. ई-क्लास ऑल-टेरेन येते जर्मनीतून, ए६ ऑलरोडही जर्मनीतूनच, व्ही९० क्रॉस कंट्री स्वीडनमधून. थोड्या संख्येने येणाऱ्या या गाड्यांसाठी अमेरिकी सुरक्षा आणि प्रदूषण चाचण्या वेगळ्या कराव्या लागतात, सुटे भाग वेगळे साठवावे लागतात. हा खर्च हजार गाड्यांवर विभागला काय आणि लाख गाड्यांवर विभागला काय, यातला फरक सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

ब्यूकचे उदाहरण बोलके आहे. जनरल मोटर्सच्या या ब्रँडने २०१८ च्या मॉडेलवर्षात रीगल टूरएक्स ही उंच वॅगन अमेरिकेत आणली. जर्मन प्रतिस्पर्ध्यांपेक्षा ती कितीतरी स्वस्त होती आणि तिचे कौतुकही झाले. पण ती मुळात जर्मनीत बनणारी ओपेल इन्सिग्निया होती, आणि जनरल मोटर्सने ओपेल कंपनी २०१७ मध्येच फ्रान्सच्या पीएसए समूहाला विकून टाकली होती. म्हणजे अमेरिकी कंपनीला आपली गाडी दुसऱ्याच्या कारखान्यातून विकत घ्यावी लागत होती. २०२० नंतर टूरएक्स बंद झाली. विक्री बेताचीच होती, हे मान्य. पण भरपूर विक्री झाली असती तरी ही व्यवस्था किती काळ टिकली असती, शंकाच आहे.

आयातशुल्काने काय बदलले?

युरोपातून येणाऱ्या मोटारीवर अमेरिका अनेक दशके फक्त अडीच टक्के शुल्क घेत असे. ३ एप्रिल २०२५ पासून ट्रम्प प्रशासनाने त्यावर आणखी २५ टक्के चढवले. पुढे युरोपीय संघाशी समझोता झाला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून एकूण दर १५ टक्के ठरला.

हिशेब सोपा करून पाहू. बंदरात उतरताना ज्या गाडीचे मूल्य ५० हजार डॉलर धरले जाते, तिच्यावर पूर्वी १,२५० डॉलर शुल्क पडे. २७.५ टक्क्यांच्या काळात ते १३,७५० डॉलर झाले. आता ७,५०० डॉलर. पूर्वीच्या सहापट. अलाबामात बनणाऱ्या एसयूव्हीच्या आयात सुट्या भागांवरही शुल्क आहे, पण अख्ख्या गाडीवर नाही. एकाच शोरूममध्ये शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांपैकी कोणती पुढे करायची, हे मग विक्रेत्याला कुणी सांगावे लागत नाही.

ज्या गाडीचा खप मोठा, तिच्यासाठी कंपनी नवा कारखाना उभारते किंवा शुल्काचा भार काही काळ स्वत: सोसते. जिचा खप लहान, ती यादीतून गळते. व्होल्वोने तेच केले. २०२५ च्या मॉडेलवर्षानंतर व्ही९० क्रॉस कंट्री अमेरिकेच्या यादीतून गेली; मागे उरली ती लहान व्ही६० क्रॉस कंट्री. चौकोनी २४० मॉडेलपासून अमेरिकेत वॅगन म्हटले की जिचे नाव निघे, त्या कंपनीने आपली मोठी वॅगन मागे घ्यावी, ही घटना साधी नाही. ऑडीच्या ए४ची जागा ए५ने घेतली, पण ए५ची वॅगन युरोपापुरतीच राहिली. अमेरिकेत फक्त स्पोर्टबॅक आली. म्हणजे ए४ ऑलरोडही संपली.

तरीही नव्या वॅगन का येत आहेत?

इथे एक गंमत आहे. दणकट वॅगन मागे सरकत असतानाच भयंकर वेगवान वॅगन अमेरिकेत शिरत आहेत. ऑडीने आरएस६ अवांट ही सुमारे सहाशे अश्वशक्तीची वॅगन २०२१ च्या मॉडेलपासून पहिल्यांदाच अमेरिकेत विकायला काढली. बीएमडब्ल्यूने एम५ टूरिंग आणली; एम५ची वॅगन अमेरिकेत अधिकृतपणे मिळण्याची ही पहिलीच वेळ. या गाड्यांची किंमत लाख डॉलरच्या वर आहे. इतक्या किमतीत शुल्काचे काही हजार डॉलर विरघळून जातात आणि घेणाराही घासाघीस करणारा नसतो.

आलिशान वॅगनला अमेरिकेत यश मिळू शकते का, याचे उत्तर यश कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे. वर्षाला थोड्या गाड्या, भरपूर नफ्याने, ब्रँडशी एकनिष्ठ राहणाऱ्या श्रीमंत कुटुंबांना विकायच्या असतील, तर होय. मर्सिडीजने ई-क्लासच्या नव्या पिढीतही ऑल-टेरेन अमेरिकेत कायम ठेवली, ती याच हिशेबाने. मध्यमवर्गीय कुटुंबाला एसयूव्हीऐवजी वॅगन घ्यायला लावायचे असेल, तर नाही. आणि पहिल्या प्रकारच्या यशात वॅगनचा मूळ गुणच हरवतो. थोडक्या पैशांत जास्त सामान, हा तो गुण होता. ए६ ऑलरोड अमेरिकेत परतली तेव्हा तिची किंमत ६५,९०० डॉलरपासून सुरू होत होती. ऑल-टेरेनची ६७,६०० पासून.

भारतात काय झाले?

या दोन प्रयोगांची छोटी आवृत्ती भारतानेही पाहिली आहे. व्होल्वोने जुलै २०१७ मध्ये व्ही९० क्रॉस कंट्री ६० लाख रुपयांना आणली. मर्सिडीजने सप्टेंबर २०१८ मध्ये ई-क्लास ऑल-टेरेन ७५ लाखांना आणली. दोन्ही परदेशातून तयार येत होत्या, म्हणून त्यांवर जबर आयातशुल्क होते. खड्डे आणि गतिरोधक पाहता भारतासाठी ही गाडी अमेरिकेपेक्षाही योग्य म्हणता येईल. तरी काही वर्षांत दोन्ही यादीतून गेल्या. त्याच काळात पुण्याजवळ चाकणला जुळणी होणारी, मागच्या आसनावर ऐसपैस जागा असलेली ई-क्लासची लांब सेडान मर्सिडीजच्या भारतातल्या सर्वाधिक खपाच्या गाड्यांत होती.

करांची गंमत इथेही आहे, पण उलट्या दिशेने. अमेरिकेत गाडी उंच केली की नियमांचा फायदा; भारतात मात्र १७० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, चार मीटरपेक्षा जास्त लांबी आणि १,५०० सीसीपेक्षा मोठे इंजिन असले की गाडी एसयूव्हीच्या रकान्यात जाई आणि जीएसटी व उपकर मिळून ५० टक्के लागत; मोठ्या सेडानवर ४८. सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर सरसकट ४० टक्के झाल्याने हा भेद मिटला. युरोपीय संघाशी जानेवारी २०२६ मध्ये वाटाघाटी पूर्ण झालेल्या व्यापार करारात मोटारींवरचे शुल्क ११० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने, ठरावीक संख्येपुरते, १० टक्क्यांपर्यंत आणण्याची तरतूद आहे. तो अमलात आला की जर्मन आणि स्वीडिश वॅगनना इथे दुसरी संधी मिळू शकते.

आता पुढे लक्ष कुठे?

सुबारूकडे. आउटबॅक अमेरिकेत गेली कित्येक वर्षे दीड लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त विकली जाते, आणि ती वर्षानुवर्षे इंडियाना राज्यातल्या लाफायेट इथे बनत आली. जर्मन कंपन्यांकडे जे नव्हते ते तिच्याकडे होते. किंमत आवाक्यात आणि कारखाना घरात. २०२६ च्या मॉडेलमध्ये मात्र दोन्ही गोष्टी बदलल्या. नवी आउटबॅक उभट आणि चौकोनी झाली आहे. वॅगनची उतरती रेषा गेली आणि गाडी उघड उघड एसयूव्हीसारखी दिसू लागली. तिचे उत्पादनही जपानला हलवले गेले, कारण इंडियानातल्या जागेत फॉरेस्टर ही खरीखुरी एसयूव्ही बनवायची आहे. आता आउटबॅकवरही जपानी मोटारींचे १५ टक्के शुल्क आहे.

सुमारे ३५ हजार डॉलरपासून सुरू होणारी ही नवी आउटबॅक जुन्या वॅगनइतकी विकली गेली, तर अमेरिकेतल्या ग्राहकाला वॅगनचा आकार नव्हे तर फक्त नाव हवे होते, असा अर्थ कंपन्या काढतील. विक्री घसरली, तर दोष आकाराचा की शुल्काचा, यावर वाद रंगेल. तोवर जुन्या वॅगनप्रेमींना पर्याय आहे तो वापरलेल्या गाड्यांच्या बाजाराचा.